भावोजींचे अकरा एरर

माझ्या भावोजींबद्दल लिहायचं तर आधी राग गिळायला हवा. तो गिळला जात नाही, म्हणून रागासकटच लिहिते. माणूस चांगला आहे. ताईला असा नवरा मिळाला याचं मला आजही बरं वाटतं. तरी त्या मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत त्यांनी जे केलं ते आठवलं की माझं डोकं सणकतं.

भावोजी लिफ्टचे मेकॅनिक. सत्तावीस वर्षं त्यांनी शाफ्टमध्ये काढली, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या अंधाऱ्या विहिरीतून वर-खाली जाते तिच्यात. मग उजवा गुडघा कामातून गेला आणि कंपनीनं त्यांना वर्कशॉपमध्ये बसवलं. आता ते खुर्चीत बसून ब्रेक आणि पॅनेल दुरुस्त करतात. मी त्याच कंपनीत तक्रारींच्या टेबलावर असते. फोन आला की पहिला प्रश्न, आत कुणी अडकलंय का. दुसरा, नेमकं काय होतंय. मग नोंद करायची आणि मेकॅनिकला कळवायचं. नोकरी भावोजींच्याच शब्दावर मिळाली, हे ते कधी बोलून दाखवत नाहीत आणि ताई विसरू देत नाही.

गुडघा गेल्यावर रिकामा वेळ आला आणि त्या वेळात भावोजींनी लिफ्टवाल्यांचा एक ऑनलाइन फोरम काढला. आज तिथे नऊशे मेकॅनिक आहेत. केबिन मजल्यापेक्षा दोन बोटं खाली थांबते, ब्रेक तापतो, मोटर घरघरते, असलं काहीही विचारा, कुणीतरी उत्तर देतं. पण जिथे नऊशे माणसं तिथे अठराशे तोंडं. ब्रेकच्या तेलावरून सुरू झालेलं बोलणं चौथ्या पोस्टला एकमेकांच्या बापापर्यंत जायचं. भावोजींना याची मनस्वी चीड. त्यांनी मुलीच्या कॉलेजचं तर्कशास्त्राचं पुस्तक मिळवलं, दोन महिने पेन्सिलीनं रेघा ओढत वाचलं, आणि मग आपल्या धंद्याला शोभेल असा एक उपाय काढला.

लिफ्टच्या पॅनेलवर एक छोटी काच असते. काही बिघडलं की लिफ्ट जागच्या जागी थांबते आणि त्या काचेत एररचा नंबर येतो. भावोजींनी बोलण्याचे असे अकरा एरर ठरवले. मुद्दा सोडून माणसाच्या अंगावर जाणं, एरर एक. कावळा बसला आणि फांदी तुटली म्हणून कावळ्यानंच तोडली म्हणणं, एरर दोन. सगळे म्हणतात म्हणून खरं, एरर तीन. समोरचा बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालायचं आणि मग त्या बुजगावण्याला झोडपायचं, एरर चार. सुतावरून स्वर्ग गाठला की एरर सहा. ‘माझं मन मला सांगतं’ हा एरर नऊ. कुणी असं काही लिहिलं की भावोजी खाली फक्त नंबर टाकत आणि त्या चर्चेला कुलूप लावत. एरर आला की लिफ्ट थांबते, तशी चर्चाही थांबायची.

लोकांना हे फार आवडलं. मेकॅनिक लोक घरीही नंबरात बोलायला लागले. एका मेकॅनिकच्या बायकोनं मला फोनवर सांगितलं, ‘आमच्याकडे सासूबाई सकाळी उठल्यापासून एरर एकवरच असतात, मेकॅनिक पाठवता का?’ मी हसले होते. भावोजी नाकानं कांदे सोलतात असं म्हणणारेही होते, पण फोरमवर कामाचं बोलणं वाढलं हे खरं.

या सगळ्यामागे एक जुनी जखम आहे. एकोणीस वर्षांपूर्वी भावोजींनी सकाळी तेल-पाणी केलेली लिफ्ट संध्याकाळी दोन मजले घसरली. कुणी मेलं नाही, एकाचा हात मोडला. तेव्हाच्या साहेबांनी एकच वाक्य म्हटलं, ‘तू हात लावेपर्यंत ठीक होती.’ झालं. भावोजी चार महिने घरी. चहाच्या टपरीवर लोक पाठ फिरवायचे. ताई तेव्हा सातव्या महिन्यात होती. पुढे कुणीतरी गिअर उघडला, तर आतला दांडा वर्षभरापासून झिजत आलेला निघाला. भावोजींना कामावर परत घेतलं, पण ‘चुकलं आमचं’ असं एकही माणूस म्हणाला नाही. ते म्हणतात, त्या चार महिन्यांत एकानं जरी विचारलं असतं की बाबांनो, हे कशावरून, तरी मला पुरलं असतं.

आता तो मंगळवार.

डोळ्यांच्या दवाखान्याची इमारत, तिसरा मजला. एका निवृत्त शिक्षिकेनं लिफ्टचं दार ओढलं. दार उघडलं, बाईंनी पाऊल आत टाकलं, आणि आत केबिनच नव्हती. केबिन दुसऱ्या मजल्यावर उभी होती, तिच्या टपावर त्या पडल्या. कमरेचं हाड मोडलं, जीव वाचला. त्या लिफ्टची दुरुस्ती त्याच दिवशी सकाळी झाली होती आणि ती करणारा होता शिट्टी.

शिट्टी म्हणजे आमचाच मेकॅनिक. काम करताना सतत शिट्टी वाजवतो म्हणून हे नाव. भावोजींचं आणि त्याचं कधीच पटलं नाही. तो त्यांना हेडमास्तर म्हणायचा आणि सर्वात जास्त एरर त्याच्याच नावावर होते. सरकारी निरीक्षकानं दवाखान्याच्या मशीन रूमला सील ठोकलं, अहवाल महिन्यानं येणार म्हणून सांगितलं, आणि कंपनीनं शिट्टीला चाव्या ठेवून घरी बसायला सांगितलं. आत काय सापडेल हे कुणालाच माहीत नव्हतं. पण माहीत नसलं म्हणून लोकांचं तोंड कधी बंद राहिलंय?

फोरम पेटला. ‘सकाळी यानं हात लावला, दुपारी बाई पडली, अजून काय पाहिजे?’ ‘याचा बापही दारू पिऊन कामावर यायचा.’ ‘शिट्ट्या मारणारा माणूस, याचं लक्ष कुठे असणार?’ ‘गप्प का बसलाय मग? चोराच्या मनात चांदणं.’ ग्रीस या नावानं लिहिणारा एक महाभाग आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्याचा पूर्णवेळचा उद्योग. त्यानं लिहिलं, ‘एक तर तुम्ही त्या बाईच्या बाजूचे, नाहीतर खुन्याच्या.’ बाई जिवंत होत्या, हॉस्पिटलात सूप पीत होत्या, पण ग्रीसनं खून करून टाकला.

या सगळ्यांपुढे भावोजी एकटे उभे राहिले. ज्या शिट्टीनं त्यांना आठ वर्षं हेडमास्तर म्हणून हिणवलं, त्याच्यासाठी. बाप मध्ये आणलास, एरर एक. कावळा-फांदी, एरर दोन. गप्प बसणं हा पुरावा नव्हे. आठशे जण म्हणतात म्हणून वायर तुटत नाही. जेवताना मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून ठेवायचे आणि उजव्या हातानं घास, डाव्या हातानं नंबर. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि त्या झुंडीचा संताप येत होता. एका माणसाची नोकरी, अब्रू आणि कदाचित तुरुंग, आणि हे लोक शिट्टीच्या सुरांवरून निकाल देत होते.

पण बुधवारी सकाळपासून मला एक गोष्ट टोचत होती. मंगळवारी शिट्टीनं एक नाही, चार लिफ्टना हात लावला होता. दवाखान्याची सील झाली. उरलेल्या तीन चालू होत्या, माणसं त्यांतून ये-जा करत होती. मी फोरमवर लिहिलं: ‘त्याच्या त्या दिवशीच्या बाकीच्या तीन लिफ्ट बंद करा. एका ठिकाणी झालं तर दुसरीकडेही होईल. माझं मन मला स्वस्थ बसू देत नाहीये.’

दोन मिनिटांत खाली उत्तर आलं. ‘एरर सहा. एरर नऊ.’ आणि कुलूप.

सख्ख्या मेहुणीला. नऊशे लोकांसमोर. मी टेबलावर पेन आपटला तो तुटलाच.

तशीच उठून सुपरवायझर साहेबांकडे गेले. त्यांच्या मोबाइलवर फोरम उघडाच होता. म्हणाले, “तुमचे भावोजीच म्हणतात ना, एकावरून सगळ्यांवर जाऊ नका म्हणून? मला पटलं ते. तीन लिफ्ट बंद करायच्या तर कारण लागतं हो. लोक मला फाडून खातील.” मी म्हटलं, “आणि कुणी पडलं तर?” ते म्हणाले, “निरीक्षकांचा अहवाल येऊ दे.” महिन्यानं. तोवर तीन इमारतींतली माणसं दार ओढून पाऊल टाकत राहणार.

गुरुवारी मी पुन्हा लिहिलं, पुन्हा कुलूप. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून सुटले ती सरळ ताईकडे. भावोजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, चष्म्याच्या एका काडीला चिकटपट्टी, समोर मोबाइल. ताई ओट्याशी भांडी पुसत होती.

“माझी पोस्ट उघडा,” मी म्हटलं.

“बस आधी.”

“बसायला नाही आले.”

“अगं, तू लिहिलंस ते चूक होतं. एका लिफ्टला झालं म्हणून बाकीच्यांनाही होणार, हे कशावरून?”

“मला नंबर सांगू नका, भावोजी. मी घरातलं माणूस आहे, पॅनेल नाही.”

ताईनं फडकं खांद्यावर टाकलं. “अहो, ती काय म्हणते ते ऐकून तरी घ्या.”

“ऐकलंय. तिचं मन सांगतंय म्हणे. माझ्या वेळी साहेबांचं मनच सांगत होतं. त्या मनापायी तू काय भोगलंस ते विसरलीस?”

“ते राहू द्या,” मी म्हटलं. “माझं मन असं का सांगतंय, हे तुम्ही विचारलंत का? एकदा तरी?”

भावोजींनी मोबाइल बाजूला सारला. मग चष्मा काढून म्हणाले, “बरं. का सांगतंय?”

आणि मी सांगायला लागले. खरं सांगते, सांगता सांगताच ते मला स्वतःला कळत गेलं. मंगळवारच्या चार तक्रारी मीच लिहून घेतल्या होत्या. चारही एकसारख्या: दार नीट लावलं तरी लिफ्ट हलत नाही.

“म्हणजे दाराचा कॉन्टॅक्ट,” भावोजी म्हणाले.

“हो ना? आणि सोमवारीच स्टोअरवाल्यानं मला सांगितलं होतं, कॉन्टॅक्ट संपलेत, पुढच्या आठवड्यात येतील. शिट्टीला ते मीच कळवलं. तरी मंगळवारी दुपारपर्यंत चारही तक्रारींवर शेरा आला, दुरुस्त. पार्टच नव्हता तर दुरुस्त केलं कशानं?”

ताईला समजलं नाही, पण तिच्या नवऱ्याचा चेहरा पाहून ती पुढे आली. मी तिला सांगितलं. दार पूर्ण लागल्याशिवाय लिफ्टनं हलू नये म्हणून दारात कॉन्टॅक्ट असतो. तो खराब झाला की लिफ्ट हलत नाही. मग तपासायला मेकॅनिक पॅनेलमध्ये वायरचा एक तुकडा जोडतो. त्याला जम्पर म्हणतात. जम्पर लावला की लिफ्टला वाटतं दार लागलंय, आणि दार उघडं असलं तरी ती निघून जाते. काम झालं की जम्पर काढायचा. तो तसाच ठेवून ‘दुरुस्त’ लिहिलं, तर कधीतरी कुणीतरी दार अर्धवट लावणार, केबिन निघून जाणार, आणि मागून आलेला माणूस तेच दार ओढून आत पाऊल टाकणार.

भावोजींनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, “हे तू लिहिलं का नाहीस?”

“कुठे लिहिणार? कुलूप तुम्ही लावलंत.” हे पुरतं खरं नव्हतं. माझ्याकडे धडधडीत कारण होतं आणि मी लिहिलं होतं काय, तर माझं मन. पण त्या क्षणी मी थांबण्याच्या मनःस्थितीत नव्हते. “एकोणीस वर्षांपूर्वी गिअर उघडून न बघता त्यांनी तुम्हाला दोषी ठरवलं. तुम्ही पॅनेल उघडून न बघता शिट्टीला निर्दोष ठरवलंत. सांगा मला, फरक काय झाला? त्यांचं बोलणं चुकीचं होतं हे तुम्ही दाखवलंत. लिफ्ट बरोबर आहे हे कुणी दाखवलं?”

ताई म्हणाली, “पुरे आता.” पण भावोजी उठले होते. कपाटाखालून हत्यारांची पेटी ओढली, जी चार वर्षांत घराबाहेर गेली नव्हती, आणि म्हणाले, “चल.”

माझ्या स्कूटरवर मागे बसून, पेटी मांडीवर घेऊन ते आले. वाटेत ऑफिसात थांबून तिन्ही मशीन रूमच्या चाव्या घेतल्या. पहिली इमारत पाच मजल्यांची. लिफ्टनं जायला त्यांनी नकार दिला. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ते गच्चीपर्यंत चढले. मशीन रूममध्ये तेलाचा आणि कबुतरांचा वास होता. पॅनेल उघडलं, टॉर्च मारला. दोन स्क्रूंच्या मधे पिवळ्या वायरचा वीतभर तुकडा. टोकं छान सोललेली, व्यवस्थित पिळलेली. घाईत विसरलेला माणूस इतकं नीटनेटकं काम करत नाही.

भावोजींनी मेन स्विच पाडला, वायर काढली आणि खिशात ठेवली. दुखरा गुडघा धरून ते पेटीवर टेकले. मला त्यांची दया यायला हवी होती, पण मला फक्त वाया गेलेले ते तीन दिवस दिसत होते.

दुसऱ्या इमारतीतही तेच. पिवळी वायर, तशीच पिळलेली.

तिसऱ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पाळणाघर आहे. तिथे लिफ्टच्या दारासमोर एक लाकडी खुर्ची आडवी टाकलेली आणि तिच्यावर ओली चादर वाळत घातलेली. पाळणाघरातली बाई म्हणाली, “बुधवारी दार उघडं असतानाच ही वर निघाली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग कुणाला विचारत बसू? खुर्ची टाकली. पोरांना जिन्यानं नेते.” ती फोरमवर नाही. तिला एररचे नंबर माहीत नाहीत. तिनं दार बघितलं आणि खुर्ची टाकली, बस.

वर जाऊन भावोजींनी तिसरी वायर काढली. मग जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी शिट्टीला फोन लावला. हात तेलकट होते म्हणून स्पीकर चालू केला.

“जम्पर तू लावलेस?”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, “हो, हेडमास्तर.”

“चारही?”

“चारही. लोक फोनवर फोन करत होते, पार्ट नव्हता. म्हटलं, चालू तरी करून देऊ, आठवड्यानं कॉन्टॅक्ट आले की काढू. मग ती बाई पडली आणि माझ्याकडून चाव्या काढून घेतल्या.”

“अरे, मग सांगायचं नाहीस?” भावोजी इतक्या जोरात ओरडले की खाली पाळणाघरात एक मूल रडायला लागलं. “तीन दिवस गप्प बसलास? इथे पोरं आहेत, माहीत आहे तुला?”

“तुम्हालाच तर फोन केला होता,” शिट्टी म्हणाला. तो रडत होता की काय, कळत नव्हतं. “मंगळवारी संध्याकाळी. मी म्हटलं, हेडमास्तर, मला एक सांगायचंय. तुम्ही म्हणालात, एक अक्षर बोलू नकोस. तू काही सिद्ध करायचं नाहीस, पुरावा त्यांनी द्यायचा. मग तुम्ही इतकं छान भांडायला लागलात. मलाच वाटायला लागलं, माझं काही चुकलं नसेल.”

भावोजींनी फोन ठेवला. ते असा फोन आल्याचं नाकारतील याची मी वाट बघत होते. त्यांनी नाकारलं नाही.

तिथेच बसून त्यांनी फोरमवर लिहिलं. तिन्ही वायरींचे फोटो टाकले. दोन पोस्टचं कुलूप काढलं आणि खाली लिहिलं, ‘हिचं बरोबर होतं. मी कारण विचारलं नाही. शिट्टीनं मला मंगळवारीच सांगायला फोन केला होता, मी त्याला बोलू दिलं नाही.’ एवढंच. स्वतःची बाजू एका शब्दानं मांडली नाही. माणूस चांगला आहे असं मी म्हणते ते यासाठी.

मिनिटभरात ग्रीस आला. ‘आम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतो!’ त्याच्या खाली शंभर अंगठे, मग दोनशे. बापावरून बोलणारे, शिट्ट्यांवरून बोलणारे, सगळे एका माळेचे मणी हारतुरे घ्यायला रांगेत उभे. यांचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि त्यात यांची अक्कल काडीची नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भावोजी म्हणाले, “सोड.” मी सोडलं नाही. मी लिहिलं, ‘ग्रीस, तुला एवढी खात्री होती ना? मग तीन दिवसांत या तीन इमारतींपैकी एका तरी ठिकाणी जाऊन बघितलंस का?’

त्यानं लगेच लिहिलं, ‘तू तरी कुठे गेलीस?’

उत्तर न देता असा उलटा प्रश्न टाकण्याला भावोजींच्या यादीत नंबर आहे. तो मला पाठ आहे. मी टाकायला घेतला आणि टाकला नाही. तीन दिवस मी पोस्टी लिहिल्या, पेन तोडला, साहेबांशी भांडले, रात्री उशी ओली केली. आणि त्या तिन्ही मशीन रूमच्या चाव्या तीन दिवस माझ्याच खुर्चीमागच्या खिळ्याला, हात मागे केला तर लागतील अशा, टांगलेल्या होत्या.